खोलीचा पत्ता आणि दारावरची वही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

'पोर्ट' हा शब्द कोकणातल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हर्णै, बाणकोट, दाभोळ ही नावं घेतली की झालं. बाहेरचा माल आत येतो आणि आतला बाहेर जातो ती जागा म्हणजे बंदर. आज ज्या पोर्टविषयी बोलायचं आहे त्याला मात्र ना पाणी, ना धक्का. ते आपल्या घरातल्या इंटरनेटच्या डब्यात असतं. आणि एक-दोन नाही, ६५,५३५ असतात.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. संगणकाचं जे काही येतं ते माझ्या भाच्यानं शिकवलं आणि उरलेलं गरजेनं. त्यामुळे आज मी बोलेन ते इंजिनिअरच्या भाषेत नसेल. पण ज्यांच्या घरात फायबरची लाइन आहे, दुकानात किंवा आंब्याच्या बागेत कॅमेरा आहे, किंवा दुकानातला हिशेबाचा संगणक घरी बसून बघायची ज्यांना इच्छा आहे, त्यांच्या कामाचं असेल. यांची सगळ्यांची तक्रार एकच असते. नेट झकास चालतं, सिनेमे दिसतात, व्हिडिओ कॉल लागतो. पण आपण घराबाहेर गेलो आणि बाहेरून आपल्याच घरातल्या यंत्राला हाक मारली, तर उत्तर येत नाही.

हे का होतं ते समजण्यासाठी जरा जुन्या मुंबईत जाऊ.

आमच्या गावची माणसं मुंबईला गेली की गाववाल्यांच्या खोलीत उतरायची. एका खोलीत पंधरा-वीस जण. कुणी गोदीत, कुणी बोटीवर, कुणी हॉटेलात. पत्ता सगळ्यांचा एकच: अमुक चाळ, तमुक नंबरची खोली. आता समजा त्या खोलीच्या दारावर एक म्होरक्या वही घेऊन बसला आहे. खोलीतला प्रत्येक जण पत्र टाकताना त्याला सांगतो, आणि तो वहीत लिहितो: आज याने गावी आईला पत्र टाकलं. आठ दिवसांनी आईचं उत्तर आलं की म्होरक्या वही बघतो आणि पत्र बरोबर त्या माणसाच्या हातात देतो. पण कुणी तिऱ्हाइतानं आपण होऊन पत्र पाठवलं, वर नुसता खोलीचा पत्ता, नाव नाही, तर? वहीत नोंद नाही. पत्र कुणाला द्यायचं कळत नाही. म्होरक्या ते बाजूला टाकून देतो.

आपल्या घरातला राउटर हा तो म्होरक्या आहे. घरातला फोन, टीव्ही, संगणक, कॅमेरा हे खोलीतले गाववाले. बाहेरच्या जगाला यांतलं कुणीच दिसत नाही, दिसतो तो एकच पत्ता. आतून बाहेर गेलेल्या प्रत्येक मागणीची नोंद राउटर ठेवतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचवतो. म्हणून सिनेमा दिसतो. आपण होऊन बाहेरून आलेली हाक मात्र त्याला कुणाकडे पाठवायची ते कळत नाही. म्हणून कॅमेरा दिसत नाही.

ही व्यवस्था मुळात नव्हती. इंटरनेटचा चार आकड्यांचा पत्ता, ज्याला आयपी ॲड्रेस म्हणतात, त्याचे नियम १९८१ साली ठरले तेव्हा एकूण पत्ते निघत होते सुमारे ४३० कोटी. तेव्हा ते अफाट वाटले असतील. आज जगाची लोकसंख्याच ८०० कोटींच्या वर आहे आणि एकेका माणसाकडे तीन-तीन यंत्रं. पत्ते संपणार हे जाणकारांना आधीच दिसलं होतं. एका पत्त्याआड अनेकांना बसवायची युक्ती १९९४ साली कागदावर आली आणि त्याच वर्षी घरातल्या घरात वापरायचे पत्ते वेगळे राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते आपण राउटरवर पाहतो ना, ते यांतलेच. (इथे मराठीत छापलेले आकडे संगणकात इंग्रजीतच टाकायचे, हे सांगायला हवं.) पुढे ३ फेब्रुवारी २०११ ला जगाच्या मध्यवर्ती कोठारातले मोकळे पत्ते संपले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचंही कोठार तळाला लागलं, आणि तिथून पुढे नव्यांना पत्ते मोजून-मापून मिळू लागले.

पत्ता यंत्रापर्यंत नेतो, पोर्टचा क्रमांक यंत्रातल्या नेमक्या कामापर्यंत नेतो. साधी वेबसाइट ८० नंबरवर, कुलूप असलेली ४४३ वर, पत्रांची देवघेव २५ वर. हे क्रमांक कुणाला कुठला द्यायचा याची यादी कितीतरी वर्षं जॉन पोस्टेल नावाचा एक दाढीवाला अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ सांभाळत असे. १९९८ साली तो वारला. आपल्याकडे जुन्या तलाठ्याच्या हातात सगळ्या गावाचा सातबारा असायचा, तसंच काहीसं.

आता पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे काय, तर म्होरक्याला आगाऊ सांगून ठेवणं: "पाकिटावर ८०८० लिहिलेलं पत्र आलं, तर वहीत बघू नकोस, तिसऱ्या खाटेवरच्या माणसाला दे." बस, एवढंच. राउटरच्या पानावर एक ओळ भरायची असते. बाहेरचा क्रमांक, आतल्या यंत्राचा पत्ता, आतला क्रमांक, आणि वाहतुकीचा प्रकार टीसीपी की यूडीपी.

मला याची गरज का पडली ते सांगतो. १९९० च्या सुमाराला मी टेपरेकॉर्डर खांद्याला लावून आमच्या खाडीकाठच्या गावांतून हिंडलो होतो. लग्नातली, हळदीची गाणी आमच्या बायका आमच्या बोलीत म्हणतात. ती गोळा केली. साठेक कॅसेटी झाल्या. त्यांत माझ्या अम्मीचा आवाज आहे, दोन खालांचा आहे, शेजारणींचा आहे. गाण्यापूर्वी जवळजवळ प्रत्येकीनं एक अट घातली होती: घरातच ठेव, बाजारात नेऊ नकोस. परक्या पुरुषानं आवाज ऐकू नये असं काहींना वाटत होतं, काहींना नुसती लाज होती. त्यांतल्या बऱ्याचजणी आज नाहीत. अट आहे. टेप सडायला लागल्या तेव्हा भाच्यानं सगळं संगणकावर उतरवून दिलं. माझी आपा मुलाकडे केपटाऊनला असते. कोकणातली माणसं तिथे शंभर वर्षांपूर्वीपासून आहेत. तिला अम्मीचा आवाज ऐकायचा होता, आणि गुडघ्यांमुळे आता तिचा प्रवास होत नाही. "फुकट साइटवर चढवून टाका," असं पुष्कळांनी सुचवलं. पण ते बाजारात नेणंच झालं असतं. गाणी माझ्या घरच्या संगणकावरच राहावीत आणि आपानं तिकडून तेवढी ऐकावीत, हा मार्ग उरला. म्हणजे बाहेरून माझ्या घराचं दार वाजायला हवं होतं.

भाचा आणि मी कामाला लागलो. या कामाला क्रम असतो, आणि तो आतून बाहेर जातो. पहिलं काम, संगणकावरचा गाण्यांचा कार्यक्रम मुळात चालू आहे का ते घरातल्याच फोनवरून, वायफायवर, बघायचं. तिथंच दिसत नसेल तर राउटरला दोष देण्यात अर्थ नाही. संगणकाची स्वतःची फायरवॉल, म्हणजे पहारा, अडवत असेल. किंवा तो कार्यक्रम फक्त स्वतःच्याच संगणकाचं ऐकत असेल. दुसरं, संगणकाचा आतला पत्ता कायमचा करून घ्यायचा. राउटर आपल्या मर्जीनं पत्ते वाटतो. आज तिसऱ्या खाटेवर असलेला माणूस उद्या वीज जाऊन आल्यावर पाचव्या खाटेवर गेला, तर पत्रं रिकाम्या खाटेवर पडत राहतात. आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते सांगत नाही. राउटरच्या पानावर पत्ता राखून ठेवायची सोय असते, ती वापरायची.

तिसरी गोष्ट फार लोकांना फसवते. परीक्षा घ्यायची ती बाहेरून. घरातल्या वायफायवर बसून घराचाच बाहेरचा पत्ता टाकला, तर कित्येक राउटरांना ते उमजत नाही. आपणच आपल्याला बाहेरून पाठवलेलं पत्र म्होरक्या घेत नाही. नियम बरोबर असतो आणि माणूस उगाच तो पुसून पुन्हा लिहीत बसतो. फोनचं वायफाय बंद करायचं, मोबाइल डेटा चालू करायचा, मग बघायचं.

आणि बघताना उत्तर कसं येतं त्याकडे लक्ष द्यायचं. ताबडतोब 'नकार' आला, म्हणजे कनेक्शन रिफ्यूज्ड, तर हाक कुठल्या तरी यंत्रापर्यंत पोचली, पण त्या क्रमांकावर कुणी बसलेलं नाही. बराच वेळ नुसतं गोल फिरत राहिलं आणि शेवटी 'टाइम आउट' आलं, तर बहुधा हाक वाटेतच गिळली गेली. कवीला नकार आणि मौन यांतला फरक लवकर कळतो, संपादकांनी शिकवलेला असतो. इथेही तोच फरक कामाला येतो.

आमच्याकडे मौन होतं. आत सगळं ठीक, नियम ठीक, पहारा उघडलेला, तरी मौन. भाच्यानं संगणकावर येणारी-जाणारी वाहतूक दाखवणारा कार्यक्रम लावला आणि मी बाहेर अंगणात जाऊन मोबाइलवरून हाका मारल्या. एकही हाक संगणकापर्यंत आली नाही.

अशा वेळी एक परीक्षा सगळ्यांत मोलाची. राउटरच्या पानावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' असं लिहिलेल्या जागी त्याला बाहेरून मिळालेला पत्ता असतो, तो कागदावर उतरवा. मग 'माझा आयपी काय' असं शोधून जगाला दिसणारा आपला पत्ता बघा. दोन्ही सारखे असतील तर वाट मोकळी आहे, चूक घरातच शोधा. वेगळे असतील तर मध्ये आणखी कुणीतरी वही घेऊन बसलं आहे. राउटरवरचा पत्ता १०, १९२.१६८, किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांनी सुरू होत असेल, तर तो कुणाच्या तरी घरातला पत्ता आहे, रस्त्यावरचा नव्हे.

आमच्या घरात दोन डबे होते. कंपनीनं भिंतीवर ठोकलेला फायबरचा, आणि त्याच्यापुढे भाच्यानं आणलेला चांगला राउटर. दोघंही म्होरके! एकानं दुसऱ्याला पत्र द्यायचं आणि दुसऱ्यानं आत. हे फार घरांतून असतं, कारण कंपनीच्या डब्याचं वायफाय माजघरापर्यंत पोचत नाही आणि लोक दुसरा राउटर आणतात. याला उपाय तीन. दोन्ही डब्यांत नियम लिहायचा. किंवा आपल्या राउटरला म्होरकेपण सोडायला लावून नुसता वायफाय पसरवणारा करायचा. किंवा कंपनीच्या डब्याला 'ब्रिज' करायचं, म्हणजे त्यानं वही मिटून नुसता पूल व्हायचं. तिसरा उपाय स्वच्छ, पण मग लाइनचं युजरनेम-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरावं लागतं आणि ते कंपनीकडून मागून घ्यावं लागतं. शिवाय कंपनीचा डबा कंपनीला दुरून हाताळता येतो. एखाद्या रात्री तो नव्यानं चालू झाला की आपण लिहिलेलं पुसलेलं असण्याची शक्यता असते. म्हणून काय लिहिलं ते वहीत, खऱ्या कागदाच्या वहीत, टिपून ठेवावं.

आम्ही पूल केला. मग आमच्या राउटरवर जो पत्ता आला तो १०० नं सुरू होत होता.

ही खूण ओळखून ठेवण्यासारखी आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते एप्रिल २०१२ मध्ये खास इंटरनेट कंपन्यांसाठी राखून ठेवले गेले. कंपनीकडे सगळ्या गिऱ्हाइकांना पुरतील इतके खरे पत्ते नसतात. मग ती एका खऱ्या पत्त्याआड अनेक घरांना बसवते. याला सीजी-नॅट म्हणतात. म्हणजे चाळीतल्या खोलीखोलीवर म्होरक्या आहेच, पण आता चाळीच्या फाटकावर चाळमालकाचा मेहताजीही वही घेऊन बसला आहे, आणि सगळ्या चाळीला मिळून एकच पत्रपेटी आहे. आपल्या म्होरक्याला आपण काहीही सांगितलं तरी पत्र फाटकावरच अडतं. मेहताजीच्या वहीत आपल्याला लिहिता येत नाही. एखाद्या कंपनीच्या मेहताजीची वही गिऱ्हाइकापर्यंत न पोचण्याचे आणखीही परिणाम आहेत. चाळीतल्या एकानं कुठे दांडगाई केली आणि एखाद्या साइटनं तो पत्ता काळ्या यादीत टाकला, तर शिक्षा सगळ्यांना. 'तुम्ही माणूस आहात ना, मग चित्रातल्या बस ओळखा' असं कधी कधी विनाकारण विचारलं जातं त्याचं एक कारण हे असू शकतं.

मी कंपनीला फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगा होता, आवाजात नम्र.

"सर, नेट चालू आहे का?"

"चालू आहे."

"स्पीड येतोय?"

"येतोय."

"मग सर, कम्प्लेंट काय लिहू?"

त्याच्यासमोरच्या यादीत माझी तक्रार बसतच नव्हती. जे घेतो त्याला नेट चालतं. जो देऊ बघतो त्याच्यासाठी रकाना नाही. मला वाटतं, गोष्ट इथे आहे. हे जाळं बांधलं गेलं तेव्हा त्याच्यावरचं प्रत्येक यंत्र बोलणारं आणि ऐकणारं, दोन्ही होतं. आता घरं फक्त मागणारी झाली आहेत. द्यायचं असेल तर आधी कुणातरी मोठ्या कंपनीच्या कोठारात नेऊन ठेवायचं आणि तिथून सगळ्यांनी घ्यायचं. बागेतल्या कॅमेऱ्याचं चित्र बघायला महिन्याची वर्गणी भरावी लागते त्यामागे हेही एक कारण आहे.

दोन दिवसांनी लाइनवर काम करणारा माणूस आला. त्यानं खांबावरून उतरता उतरता एका वाक्यात सांगितलं, "चाचा, आपल्या भागात सगळे एकाच आयपीवर आहेत." कायमचा स्वतंत्र पत्ता, म्हणजे स्टॅटिक आयपी, मागितला तर घरगुती योजनेत तो मिळत नाही, धंद्याचं कनेक्शन घ्या, असं कळलं. पुष्कळ कंपन्या जादा पैसे घेऊन घरगुती गिऱ्हाइकालाही देतात. तिथे विचारून बघायला हरकत नाही. नुसता खरा पण बदलता पत्ता मिळाला, तरी चालतं. बदलत्या पत्त्याला एक कायमचं नाव देणाऱ्या सेवा आहेत, त्यांना डायनॅमिक डीएनएस म्हणतात.

आम्हाला यांतलं काही नव्हतं, म्हणून आम्ही उलटी वाट धरली. मेहताजी बाहेरून आलेलं अडवतो, पण आतून गेलेल्याचं उत्तर येऊ देतो ना? मग आपल्या संगणकानंच बाहेर जावं. बाहेर खरा पत्ता असलेल्या एका भाड्याच्या संगणकाशी घरच्या संगणकानं संधान बांधून ठेवायचं, आणि आपानं तिकडे जायचं. तिची हाक त्याच उघड्या वाटेनं उलटी आत येते. वहीतल्या नोंदी फार काळ ठेवत नाहीत, थोड्या वेळानं पुसतात, म्हणून घरचा संगणक मधूनमधून एक छोटासा निरोप धाडत राहतो: आहे हो, मी आहे. वायरगार्ड नावाचा कार्यक्रम यासाठी वापरतात, त्यात हा निरोप साधारणपणे दर २५ सेकंदांनी पाठवायला सांगतात. टेलस्केलसारख्या सेवा हेच काम आणखी सोपं करतात. दोन्हीकडची यंत्रं बाहेर येतात, मधली सेवा त्यांची गाठ घालून देते आणि शक्य असेल तर बाजूला होते. संभाषण दोन टोकांनाच उलगडतं, मधल्याला वाचता येत नाही. माझ्या बायांच्या अटीला हे साजेसं होतं. आपाच्या फोनवर आणि माझ्या संगणकावर किल्ली आहे, तिसरीकडे नाही. पहिल्याच रात्री तिनं फोन करून सांगितलं की अकराव्या कॅसेटवरचा तो जाड आवाज मी वहीत लिहिलाय त्या बाईचा नाही, तिच्या नणंदेचा आहे.

ज्यांना पोर्ट उघडणं शक्य आहे त्यांना एक सावधगिरी सांगायलाच हवी. उघडलेल्या दारावर तुमची आपाच येईल असं नाही. ६५,५३५ दारं एकामागून एक ठोठावत जाणारी यंत्रं जगभर रात्रंदिवस फिरत असतात. २०१६ साली 'मिराय' नावाच्या दुष्ट प्रोग्रॅमनं असेच उघड्यावरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर शोधले. त्यांचे पासवर्ड कारखान्यातून आले तसेच होते, कुणी बदललेच नव्हते. त्या ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेनं २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेतल्या डिन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटरसकट कित्येक मोठ्या साइट काही तास लोकांना उघडेनात. म्हणून कॅमेऱ्याचा पासवर्ड पहिल्या दिवशी बदला, नियम एकाच क्रमांकापुरता लिहा, आणि राउटरमधली 'यूपीएनपी' नावाची सोय, जिच्यामुळे घरातलं कुठलंही यंत्र न विचारता स्वतःसाठी दार उघडून घेतं, ती गरज नसेल तर बंद ठेवा. 'डीएमझेड' नावाचं बटण दाबून सगळीच दारं एका यंत्राकडे वळवण्याचा सल्ला दुकानदार देतात. तो घेऊ नका.

पत्त्यांचा तुटवडा मुळातून मिटवणारी नवी पद्धत, आयपीव्ही६, १९९५ पासून कागदावर आहे. तिच्यात पत्ते इतके आहेत की घरातल्या प्रत्येक बल्बलाही स्वतंत्र मिळेल, आणि म्होरक्याला वही लागतच नाही. यात आपला देश पुढे आहे. गूगलच्या मोजणीत भारतातले निम्म्याहून अधिक लोक त्यांच्याकडे नव्या पत्त्यावरून येतात, मोबाइलचा त्यात मोठा वाटा आहे. मात्र घरातल्या डब्याचा पहारा तिथेही बाहेरची हाक अडवतोच, आणि अडवावीच. अडचण अशी की कंपनीनं दिलेल्या काही डब्यांत नव्या पत्त्यासाठी दार उघडायची सोयच पानावर दिलेली नसते. शिवाय हाक मारणाऱ्याकडेही नवा पत्ता हवा.

तेव्हा नवी लाइन घेताना स्पीड आणि पैसे विचारून झाले की आणखी तीन गोष्टी विचारा. खरा पत्ता मिळेल का, डबा ब्रिज करून देता का, आणि आयपीव्ही६ चालू आहे का. काउंटरवरच्या माणसाला बहुधा ठाऊक नसेल. त्याच्यावर रागावू नका, त्याच्याकडून खांबावर चढणाऱ्या माणसाचा नंबर घ्या. त्याला ठाऊक असतं.